जीपीएस रिसीव्हरवरून नेटवर्कचं घड्याळ जुळवणं: रास्पबेरी पाय आणि क्रोनी वापरून, क्रमवार

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जीपीएस मॉड्यूल जोडलं, उपग्रह दिसले, तारीख-वेळ स्क्रीनवर आली, म्हणजे नेटवर्कला वेळ देणारा सर्व्हर तयार झाला असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो सर्व्हर १०० ते ५०० मिलिसेकंद मागे चालत असतो आणि इंटरनेटवरचा एखादा साधा वेळ-सर्व्हरही त्याहून बरा असतो. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. रिसीव्हर दोन वेगळ्या गोष्टी देतो आणि त्या एकच समजल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे ठोका. दर सेकंदाला एका तारेवर विजेचा एक स्पंद येतो, त्याला पीपीएस म्हणतात. सेकंद नेमका कधी सुरू झाला हे त्याच्या चढत्या कडेवरून कळतं, आणि चांगल्या मॉड्यूलमध्ये ही कड काही दहा नॅनोसेकंदांपर्यंत अचूक असते. पण तो सेकंद कितवा, हे ठोका सांगत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मजकूर. एनएमईए नावाच्या साच्यातल्या ओळी सिरियल तारेवरून येतात, त्यांत तारीख आणि वेळ असते. सेकंद कितवा ते इथे कळतं, पण ओळ पोचेपर्यंत सेकंदाचा मोठा भाग उलटून गेलेला असतो, आणि किती उलटला हेही दर वेळी थोडं बदलतं.

ठोक्यावरून कड घ्यायची, मजकुरावरून क्रमांक घ्यायचा आणि दोघांची जोडी बरोबर लावायची. ही जोडी लावून यंत्राचं घड्याळ जुळवतो तो क्रोनी हा प्रोग्राम. पुढचे सगळे टप्पे यासाठीच आहेत. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्यावरची तपासणी आधीचा टप्पा पक्का झाला आहे असं धरून चालते.

लिहिण्याबद्दल एक सूचना: आज्ञा, फाइलींची नावं आणि अंक इथे देवनागरीत आहेत. यंत्रावर ते रोमन लिपीत टंकायचे. आज्ञा आणि फाइलींची नावं लहान अक्षरांत, तर एसएचएम, पीपीएस, एनएमईए अशी आद्याक्षरं क्रोनीच्या फाइलीत मोठ्या अक्षरांत लिहा.

टप्पा १: सामान

रास्पबेरी पाय ४ घ्या. पाय ३ चा इथरनेट पोर्ट आतून यूएसबीवरून जातो, त्यामुळे नेटवर्कवर वेळ देताना शेकडो मायक्रोसेकंदांची अस्थिरता येते. घड्याळ कितीही चांगलं जुळवलं तरी ती पुढे ग्राहक यंत्रांपर्यंत, म्हणजे सर्व्हरकडून वेळ घेणाऱ्या संगणकांपर्यंत, जाते. पाय ५ चालतो, पण त्याची सिरियल पोर्टची नावं वेगळी आहेत. तिथे सिरियल० हे नाव पिनांकडे न जाता डीबग पोर्टकडे जातं. खालची नावं पाय ४ ची आहेत.

मॉड्यूल घेताना एकच प्रश्न आधी विचारा: पीपीएसची पिन बाहेर काढलेली आहे का? बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा निओ-६एमचा निळा बोर्ड, ज्यावर जीवाय-निओ६एमव्ही२ असं छापलेलं असतं, त्याला व्हीसीसी (वीज), आरएक्स (घेणं), टीएक्स (पाठवणं) आणि ग्राउंड अशा चारच पिना असतात. ठोका बोर्डावरच्या मॉड्यूलच्या तिसऱ्या पिनेवर असतो, तो बाहेर आलेला नसतो. तिथे बारीक तार डाख देऊन जोडता येते, पण ती पिन जेमतेम मिलिमीटरभराची असते आणि शेजारचीला चिकटते. थोडे पैसे जास्त टाकून पाच पिनांचा बोर्ड घेणं केव्हाही परवडतं.

यू-ब्लॉक्सच्या नावाखाली नकली चिपाही सर्रास विकल्या जातात. यू-सेंटर या यू-ब्लॉक्सच्या प्रोग्रामला जोडून मॉड्यूल आपली आवृत्ती सांगतं का ते बघा. उत्तर आलं नाही तर परत करा.

काम कायमस्वरूपी आणि कार्यालयाचं असेल तर वेळेसाठीच बनवलेलं मॉड्यूल घ्या, उदाहरणार्थ निओ-एम८टी. अशा मॉड्यूलला आपली जागा एकदा ठरवून दिली की पुढे एकच उपग्रह दिसला तरी वेळ मिळत राहते. साध्या मॉड्यूलला जागा आणि वेळ दोन्ही काढायला चार उपग्रह लागतात. घरच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामाला मात्र साधं निओ-एम८एन पुरतं.

सावधान: यूएसबीचं जीपीएस या कामाला घेऊ नका. त्यात बहुधा ठोका बाहेर येतच नाही, आणि आला तरी यूएसबी यंत्राकडे ठरावीक अंतरानेच विचारणा होते. फुल-स्पीड यूएसबीत ते अंतर १ मिलिसेकंद असतं, म्हणजे कडेची अचूकता तिथेच संपली.

जुना साठा घेतानाही जपा. जीपीएस आठवडे ० ते १०२३ असे मोजतं आणि पुन्हा शून्यावर येतं. हे शेवटचं घडलं ६-७ एप्रिल २०१९ च्या रात्री. जुन्या फर्मवेअरची काही मॉड्यूल्स त्यामुळे तारीख १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून जास्त, मागे दाखवतात. ठोका अगदी बरोबर असतो, क्रमांक चुकलेला असतो.

टप्पा २: अँटेना आणि तिची जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथली कसूर पुढे सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

अँटेनाला आकाश दिसलं पाहिजे, तेही शक्य तितकं चहूबाजूंनी. गच्ची मिळाली तर उत्तम. पत्र्याच्या शेडखाली, लोखंडी जाळीच्या बाल्कनीत किंवा आरसीसी स्लॅबखाली ठेवून «कधीकधी येतो सिग्नल» म्हणत बसू नका. कधीकधी येणारा सिग्नल बंद सिग्नलपेक्षा जास्त त्रास देतो.

खिडकीतच ठेवायची वेळ आली तर दक्षिणेची निवडा. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या आहेत, त्यामुळे ते ध्रुवांच्या वरून जात नाहीत. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून थेट उत्तरेकडे पाहिलं तर क्षितिजापासून सुमारे ४० अंश उंचीपर्यंतच्या आकाशात जीपीएसचा उपग्रह येतच नाही. उत्तरेच्या खिडकीतून दिसणारं बहुतेक आकाश नेमकं हेच असतं. महाराष्ट्रात आणि गोव्यात सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच स्थिती आहे.

अँटेना सक्रिय प्रकारची घ्या, म्हणजे आत प्रवर्धक असलेली. तिला लागणारी वीज केबलमधूनच जाते. मॉड्यूल किती व्होल्ट देतं आणि अँटेनाला किती लागतात हे जुळवा. बहुतेक अँटेना ३ ते ५ व्होल्टवर चालतात. मध्ये विभाजक लावला तर त्यातून वीज पुढे जाते का ते पाहा. नसेल जात, तर अँटेना मुकी राहते आणि शंका मॉड्यूलवर घेतली जाते.

केबल जेवढी लांब तेवढी जाड हवी. अँटेनासोबत येणारी बारीक आरजी-१७४ केबल या कंप्रतेला, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झला, मीटरमागे १ डेसिबलहून जास्त सिग्नल खाते. तीन-पाच मीटरला चालेल. गच्चीवरून दोन मजले खाली यायचं असेल तर एलएमआर-४०० जातीची केबल घ्या, तिच्यात १० मीटरला २ डेसिबलपेक्षा कमीच जातात.

केबलमधून सिग्नल यायलाही वेळ लागतो, साध्या केबलमध्ये मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद. १० मीटरचे ५० झाले. पायवरच्या घड्याळाला ही रक्कम नगण्य आहे, कारण तिथली अस्थिरता मायक्रोसेकंदांत मोजायची असते. मॉड्यूलमध्ये केबल-विलंबाची संख्या भरायची सोय असते. भरा, पण त्यात अर्धा दिवस घालवू नका.

सावधान: गच्चीवरच्या केबलला इमारतीत शिरण्यापूर्वी तडितरोधक (लायटनिंग अरेस्टर) लावा आणि तो इमारतीच्या अर्थिंगला जोडा. जोडांवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा, साधी काळी टेप नको. पहिल्या पावसात पाणी केबलच्या जाळीतून आत झिरपतं, आणि सिग्नल एकदम जात नाही. आठवड्यागणिक उतरत जातो, म्हणून लक्षात यायला उशीर होतो.

टप्पा ३: जोडणी

पायचा वीजपुरवठा बंद ठेवूनच तारा लावा.

१. मॉड्यूलचा व्हीसीसी पायच्या १ क्रमांकाच्या भौतिक पिनेला, म्हणजे ३.३ व्होल्टला. बोर्डावर ५ व्होल्टच हवेत असं लिहिलं असेल तर २ क्रमांकाला.

२. ग्राउंड ६ क्रमांकाला.

३. मॉड्यूलचा टीएक्स पायच्या १० क्रमांकाला, जो आरएक्स आहे. मॉड्यूलचा आरएक्स ८ क्रमांकाला. तारा उलट-सुलट जातात, टीएक्सला टीएक्स जोडला तर काहीच येणार नाही.

४. पीपीएस १२ क्रमांकाला. ही जीपीआयओ १८ आहे. भौतिक क्रमांक १२ आणि जीपीआयओ क्रमांक १८ ही एकाच पिनेची दोन नावं आहेत. सेटिंगमध्ये १२ लिहिणं ही नेहमीची चूक.

पीपीएसची तार आखूड ठेवा, १०-१५ सेंटिमीटर पुरे, आणि पंख्याच्या वायरींपासून दूर.

सावधान: पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. बोर्ड ५ व्होल्टवर चालवत असाल तर टीएक्स आणि पीपीएसवर प्रत्यक्ष किती व्होल्ट येतात ते मल्टिमीटरने किंवा ऑसिलोस्कोपने मोजा, मगच जोडा. ५ व्होल्ट गेले तर पिन जळते, आणि काही वेळा सबंध पाय.

टप्पा ४: पायची तयारी

रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये सिरियल पोर्टच्या पर्यायात जा. लॉगिन शेल हवं का, याला नाही. हार्डवेअर पोर्ट चालू हवा का, याला हो. दोन्हींना हो म्हटलंत तर लिनक्सचा कन्सोल आणि जीपीएस एकाच तारेवर बोलत राहतात.

मग /बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी ही फाइल उघडा. जुन्या प्रतींत ती थेट /बूटखाली असते. शेवटी तीन ओळी घाला:

इनेबल_यूएआरटी=१
डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी
डीटीओव्हरले=पीपीएस-जीपीआयओ,जीपीआयओपिन=१८

दुसरी ओळ ब्लूटूथ बंद करते. ब्लूटूथ चालू असताना पायचा चांगला सिरियल पोर्ट त्याच्याकडे असतो आणि पिनांवर छोटा पोर्ट येतो, ज्याची गती प्रोसेसरच्या गाभ्याच्या घड्याळाशी बांधलेली आहे. मग अक्षरं तुटतात, ओळी गळतात.

प्रणालीत आधीपासून चालणारी वेळ-सेवा काढून टाका. सिस्टमडी-टाइमसिंकडी किंवा जुना एनटीपीडी क्रोनीसोबत चालू राहिला तर दोघं एकच घड्याळ दोन बाजूंना ओढतात. डेबियनवर (पायची प्रणाली याच लिनक्सवर बेतलेली आहे) क्रोनी बसवताना टाइमसिंकडी आपोआप निघतो, तरी खात्री करा.

आता पीपीएस-टूल्स, जीपीएसडी (मॉड्यूलच्या ओळी वाचून पुढे देणारा प्रोग्राम), जीपीएसडी-क्लायंट्स आणि क्रोनी ही चार पॅकेजेस बसवा आणि पाय पुन्हा सुरू करा. जीपीएसडी आणि क्रोनी तूर्त बंद ठेवा.

टप्पा ५: आधी नुसता ठोका

पीपीएसटेस्ट /डेव्ह/पीपीएस० ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवा. दर सेकंदाला एक ओळ यायला हवी: असर्ट, मग मोठी संख्या, दशांश चिन्हापुढे नऊ अंक आणि शेवटी क्रमांक. घड्याळ अजून जुळलेलं नाही, म्हणून दशांशापुढचे अंक काहीही असतील. ते शून्याजवळ नाहीत म्हणून घाबरू नका. तीनच गोष्टी बघा. ओळ दर सेकंदाला एकच येते. क्रमांक एकेकाने वाढतो. दशांशापुढचे पहिले चार-पाच अंक एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जवळजवळ तेच राहतात.

टाइमआउट येत असेल तर मॉड्यूलला अजून उपग्रह लागलेले नाहीत, तार चुकली आहे किंवा पिनेचा क्रमांक चुकला आहे. याच क्रमाने तपासा.

तपासणी: अँटेनाची केबल काढा आणि काही मिनिटं थांबा. यू-ब्लॉक्सच्या मूळ सेटिंगमध्ये उपग्रह सुटल्यावर ठोका थांबतो, आणि तो थांबलाच पाहिजे. काही मॉड्यूल्स ठोका चालूच ठेवतात. आत तेव्हा फक्त स्वतःचं स्फटिक असतं, बाहेरून दिसायला सगळं ठीक, आणि वेळ हळूहळू वाहवत जाते. असं होत असेल तर यू-सेंटरमधून ठोक्याची सेटिंग बदला.

यू-सेंटर उघडलंच आहे तर आणखी चार गोष्टी उरकून घ्या. हालचालीचा नमुना «स्थिर» करा. क्षितिजापासून १० ते १५ अंशांखालचे उपग्रह वगळा, कारण त्यांचे सिग्नल शेजारच्या इमारतींवर आपटून येतात. वेळेसाठीचं मॉड्यूल असेल तर जागेचं सर्वेक्षण लावा आणि ते पूर्ण दिवसभर चालू द्या. चौथी गोष्ट, सिरियलची गती ९६०० वरून ३८४०० किंवा ११५२०० करा आणि नको असलेल्या ओळी बंद करा.

या चौथ्या गोष्टीचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ९६०० गतीला सेकंदाला ९६० अक्षरं जातात. एनएमईएची एक ओळ ८२ अक्षरांपर्यंत लांब असते. तीन-चार उपग्रह-प्रणाली चालू असल्या की प्रत्येक उपग्रहाची माहिती देणाऱ्या जीएसव्ही ओळी वाढतात आणि सगळ्या मिळून ७००-८०० अक्षरं सहज होतात. वेळेची ओळ शेवटी आली तर ती पोचेपर्यंत पाऊण सेकंद गेलेला असतो. उपग्रह उगवले-मावळले की ओळींची संख्या बदलते, आणि उशीरही. संध्याकाळी बरोबर चाललेला सर्व्हर पहाटे एक सेकंदाने चुकतो, त्याच्यामागे बहुधा हेच असतं. आरएमसी आणि झेडडीए या दोन ओळी ठेवल्या तरी वेळेला पुरतात. उपग्रहांवर नजर ठेवायची असेल तर जीएसव्ही राहू द्या, पण मग गती वाढवाच.

बदल मॉड्यूलमध्ये कायम साठवा, वीज काढून परत द्या आणि टिकले का ते पाहा.

टप्पा ६: जीपीएसडी

/ईटीसी/डिफॉल्ट/जीपीएसडी या फाइलीत यंत्राचं नाव /डेव्ह/सिरियल० द्या आणि पर्यायांत उणे-एन लिहा. मॉड्यूल स्वतः नीट लावून ठेवलं असेल तर उणे-बीही लिहा, नाहीतर जीपीएसडी सुरू होताना मॉड्यूलची सेटिंग आपल्या मनाने बदलतो.

उणे-एनचा अर्थ, कोणी विचारो न विचारो, मॉड्यूल वाचत राहा. पण तेवढ्याने भागत नाही. डेबियनवर जीपीएसडी सॉकेटवर टपून बसतो आणि कोणी जोडलं गेल्यावरच जागा होतो. क्रोनी त्याच्याशी सॉकेटवरून बोलत नाही, सामायिक मेमरीतून वाचतो, म्हणून त्याला कोणी जागं करत नाही. म्हणून सिस्टमसीटीएल इनेबल देताना जीपीएसडी.सर्व्हिस हे पूर्ण नाव द्या.

याची खूण ठरलेली आहे. पाय पुन्हा सुरू केल्यावर वेळ जुळत नाही, मग कारण शोधायला म्हणून सीजीपीएस हा उपग्रह दाखवणारा प्रोग्राम उघडला की सगळं आपोआप सुरळीत होतं.

तपासणी: सीजीपीएस चालवा. त्रिमितीय स्थान मिळालेलं असावं आणि निदान चार-पाच उपग्रहांचा सिग्नल ३५ डेसिबल-हर्ट्झच्या वर असावा. सगळेच २५ च्या आसपास असतील तर टप्पा २ कडे परत जा.

सावधान: मॉड्यूल पहिल्यांदा सुरू केल्यावर किमान १५ मिनिटं काही करू नका. जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे, आणि हा १८ चा आकडा उपग्रहाच्या संदेशातून येतो. तो सबंध संदेश यायला १२.५ मिनिटं लागतात. तोवर मॉड्यूल आपल्या फर्मवेअरमधला जुना आकडा वापरतं. जुन्या मॉड्यूलवर पहिली दहा-बारा मिनिटं वेळ दोन-तीन सेकंद चुकीची दिसते आणि मग एकदम उडी मारून बरोबर होते.

टप्पा ७: क्रोनी आणि जोडी

क्रोनीच्या फाइलीत, /ईटीसी/क्रोनी/क्रोनी.कॉन्फ मध्ये, या दोन ओळी घाला:

रेफक्लॉक एसएचएम ० रेफआयडी एनएमईए ऑफसेट ०.० डिले ०.२ नोसिलेक्ट
रेफक्लॉक पीपीएस /डेव्ह/पीपीएस० लॉक एनएमईए रेफआयडी पीपीएस

पहिली ओळ मजकुराची, एसएचएम म्हणजे वर आलेली सामायिक मेमरी. नोसिलेक्ट म्हणजे याच्यावरून घड्याळ जुळवू नको, फक्त वाच. हा शब्द विसरला तर क्रोनी मजकुरावरूनही घड्याळ लावू पाहतो. दुसरी ओळ ठोक्याची. लॉक एनएमईए म्हणजे ठोक्याला क्रमांक मजकुराकडून घे.

मजकुराचा उशीर अजून माहीत नाही, म्हणून ऑफसेट शून्य आहे. तो मोजण्यासाठी बाहेरचे वेळ-सर्व्हर लागतील. भारतात एनआयसीचे (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे) समय१ आणि समय२, आणि नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर, असे तीन आयबर्स्ट पर्यायासह घाला. भारतीय प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा राखते. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तात्पुरता नोसिलेक्ट लिहा, म्हणजे मोजणीपुरतं घड्याळ बाहेरच्या सर्व्हरांवर चालेल.

क्रोनी सुरू करा आणि तीन-चार तास तसंच चालू द्या. चार मिनिटांत मोजून मोकळं होऊ नका. उपग्रह बदलल्यावर उशीर किती हलतो तेही दिसायला हवं.

मग क्रोनीसी सोर्सेस चालवा. एनएमईएच्या ओळीत शेवटच्या रकान्यात अधिक १३० मिलिसेकंदांसारखा आकडा दिसेल. अधिक चिन्हाचा अर्थ आपलं घड्याळ त्या स्रोताच्या पुढे आहे, म्हणजेच मजकूर तेवढा उशिरा येतो आहे. दर काही मिनिटांनी दहा-वीस वाचनं टिपा आणि मधला आकडा घ्या. तो सेकंदांत, धन चिन्हाने, ऑफसेटमध्ये लिहा: ०.१३०. क्रोनी पुन्हा सुरू करा.

तपासणी: एनएमईएचा आकडा आता शून्याच्या आजूबाजूला यायला हवा. दुप्पट झाला असेल तर चिन्ह उलटं लिहिलंय. वाचनं शून्याभोवती २०० मिलिसेकंदांच्या आत राहिली पाहिजेत. जोडी लागण्यासाठी एवढी शिस्त मजकुराने पाळावीच लागते. त्याबाहेर गेली तर ठोके टाकून दिले जातात, आणि अर्ध्या सेकंदापलीकडे गेली तर ठोका शेजारच्या सेकंदाला चिकटण्याचा धोका असतो.

एनएमईए ताळ्यावर आला की पीपीएसच्या ओळीतला नोसिलेक्ट काढून तिथे प्रिफर लिहा. ट्रस्ट हा पर्यायही क्रोनीत आहे, तो लिहू नका. ट्रस्ट लिहिलं की बाकी सगळे सर्व्हर एका बाजूला आणि आपला रिसीव्हर दुसऱ्या बाजूला असला तरी क्रोनी रिसीव्हरचंच ऐकतो. जीपीएसचा सिग्नल बनावटही देता येतो, आणि आठवड्याचा आकडा चुकलेलं मॉड्यूल तर वर आलंच आहे. बाहेरचे सर्व्हर पंच म्हणून राहू द्या.

टप्पा ८: खरोखर जुळलं का

सोर्सेसमध्ये पीपीएसच्या ओळीच्या सुरुवातीला हॅश आणि तारका ही दोन चिन्हं हवीत. हॅश म्हणजे जोडलेलं घड्याळ, तारका म्हणजे सध्या निवडलेलं. रीच रकान्यात ३७७ हवेत. ही अष्टमान संख्या आहे, शेवटची आठही वाचनं मिळाली असा तिचा अर्थ. ट्रॅकिंग या आज्ञेत स्ट्रॅटम १, म्हणजे थेट संदर्भ-घड्याळाला जोडलेला सर्व्हर, आणि संदर्भ ५०५०५३०० दिसेल. पीपीएस ही अक्षरं संगणकाच्या अंकांत अशीच लिहिली जातात.

न जुळण्याचे प्रकार लक्षणांवरून ओळखता येतात.

पीपीएसपुढे प्रश्नचिन्ह आणि रीच शून्य, पण पीपीएसटेस्टमध्ये ठोके येताहेत: जोडी लागत नाही. एनएमईएचा रीच बघा. तोही शून्य असेल तर जीपीएसडी झोपलेला आहे. तो ठीक असेल तर ऑफसेट चुकला आहे.

बाहेरचे सर्व्हर एकमेकांशी जुळतात पण पीपीएसपासून बरोबर एक सेकंद लांब आहेत: क्रमांक शेजारच्या सेकंदाचा लागला आहे. ऑफसेट पुन्हा मोजा आणि सिरियलची गती तपासा.

बरोबर १०० मिलिसेकंदांचा स्थिर फरक: ठोक्याची चढती कड सोडून उतरती पकडली जाते आहे. यू-ब्लॉक्सचा मूळ स्पंद १०० मिलिसेकंद रुंद असतो, म्हणून फरकही तेवढाच. काही बोर्डांवर ठोका मध्ये ट्रान्झिस्टरमधून उलटा होऊन येतो. मॉड्यूलमध्ये ध्रुवता बदला, किंवा पीपीएसच्या ओव्हरले-ओळीत असर्ट_फॉलिंग_एज हा पर्याय लावा.

पीपीएस० ऐवजी पीपीएस१ वर ठोके: जीपीएसडी सिरियल पोर्टसाठीही स्वतःचं पीपीएस यंत्र तयार करू शकतो, आणि कोण आधी उठलं त्यावर क्रमांक ठरतो. पाय तीन-चारदा पुन्हा सुरू करून क्रमांक स्थिर राहतो का ते पाहा.

सगळं नीट असेल तर पाय ४ वर ट्रॅकिंगमधला आरएमएस ऑफसेट मायक्रोसेकंदाच्या आसपास स्थिरावतो. दिवसाच्या ठरावीक वेळी तो वाढत असेल तर तापमान बघा. पायचं स्फटिक तापलं-निवलं की त्याची गती बदलते. खोक्यात ठेवा, एसीच्या झोतापासून दूर ठेवा, आणि थांबत-चालत राहणारा पंखा लावू नका. प्रोसेसरची गती परफॉर्मन्सवर कायम केल्यानेही थोडा फरक पडतो.

टप्पा ९: नेटवर्कला वेळ देणं

क्रोनी मुळात फक्त स्वतःचं घड्याळ लावतो, दुसऱ्याला वेळ देत नाही. अलाऊ या शब्दापुढे आपल्या नेटवर्कचा पट्टा लिहा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४, आणि फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ उघडा. फक्त आतल्या नेटवर्कसाठी. सगळ्या जगाला उघडा ठेवलेला वेळ-सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ला करायला वापरला जातो.

ग्राहक यंत्रांना तारेचं नेटवर्क द्या. निरोप जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देण्याघेण्याचा नियमसंच) धरून चालतो. जायला २ आणि यायला ६ मिलिसेकंद लागले तर फरकाच्या निम्मी, म्हणजे २ मिलिसेकंदांची चूक होते, आणि ती कुठल्याही आकड्यात दिसत नाही. वायफायवर असं सतत होतं.

ग्राहकाला दोनच सर्व्हर देऊ नका. दोघांत मतभेद झाला तर खरं कोण हे ठरवायला तिसरा नसतो. चार द्या: आपला एक आणि बाहेरचे तीन चालतील.

कार्यालयासाठी एक गोष्ट महत्त्वाची. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी मागोवा लावता येईल अशा सर्व्हरशी जुळवायची आहेत. गच्चीवर अँटेना लावली म्हणून ही अट आपोआप पूर्ण झाली असं धरू नका. समय१, समय२ आणि प्रयोगशाळेचा सर्व्हर क्रोनीच्या यादीत कायम ठेवा, लॉगडिरमध्ये नोंदींची जागा द्या आणि लॉग या शब्दापुढे मेजरमेंट्स, स्टॅटिस्टिक्स आणि ट्रॅकिंग लिहा. आपली वेळ त्यांच्यापासून किती दूर होती हे तारीखवार दाखवता येईल.

टप्पा १०: उपग्रह गेले तर

ही परीक्षा सर्व्हर वापरात देण्याआधीच घ्या. दिवसभर चाललेल्या सर्व्हरची अँटेना काढा, बाहेरचं इंटरनेटही तोडा आणि सहा तास तसंच ठेवा. क्रोनीने तोवर स्फटिकाचा वेग शिकून घेतलेला असतो आणि त्यावर घड्याळ पुढे चालवतो. हिशेब सोपा आहे: वेगात दहा लाखात एकाची चूक राहिली तर दिवसाला ८६.४ मिलिसेकंद जातात, त्याच्या दहाव्या हिश्श्याची राहिली तर ८.६. सहा तासांनी अँटेना परत लावा आणि ठोका परतल्यावर पहिला फरक किती दिसतो तो टिपा. तुमच्या यंत्राची निभावून नेण्याची ताकद तेवढीच आहे, आणि ती तापमानाप्रमाणे उन्हाळ्यात वेगळी, हिवाळ्यात वेगळी येते.

लोकल स्ट्रॅटम १० ही ओळ घातली तर सगळे स्रोत गेल्यावरही पाय वेळ देत राहतो. कारखान्यातल्या बंद नेटवर्कला ती हवी, कारण तिथे यंत्रांची वेळ एकमेकांशी जुळणं जास्त मोलाचं असतं. ज्या ग्राहकांकडे इतर सर्व्हर आहेत तिथे ती घालू नका.

शेवटी पाय पूर्ण बंद करून दहा मिनिटांनी वीज द्या, कीबोर्डला हात लावू नका, आणि वीस मिनिटांनी दुसऱ्या यंत्रावरून क्रोनीसी उणे-एच, पायचा पत्ता आणि ट्रॅकिंग ही आज्ञा चालवा. दूरवरून विचारायची मुभा आधी सीएमडीअलाऊ आणि बाइंडसीएमडीअ‍ॅड्रेस या ओळींनी द्यावी लागते. स्ट्रॅटम १ दिसला तर काम झालं. पावसाळा लागण्याआधी आणि संपल्यावर अँटेनाचे जोड उघडून आत हिरवट गंज चढला आहे का ते पाहा, आणि उपग्रहांच्या सिग्नलचे आकडे पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडा. सगळेच ४-५ डेसिबलने उतरले असतील तर केबलमध्ये पाणी आहे.